साडेतीन टनांचा किराणा

मुंबईकडून येणारे रूळ आणि कलकत्त्याकडून येणारे रूळ १८७० साली जबलपुरात एकमेकांना मिळाले. देशाच्या व्यापारावर त्याचा काय परिणाम झाला ते पुस्तकांत आहे. इथल्या मराठी घरांवर काय झाला ते मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही. आमच्याकडे प्रवास म्हणजे आधी डबा, मग तिकीट. मुंबई हजार किलोमीटरवर, पुणं त्याहून आडवळणाला. पुऱ्या दोन जेवणांच्या, चटणी तिसऱ्याची, आणि गाडी इटारसीला रखडलीच तर म्हणून बेसनाचे लाडू. गाडी वेळेवर पोचली तर ते लाडू ज्यांच्याकडे उतरायचं त्यांच्या हातावर ठेवायचे आणि ‘खास तुमच्यासाठी केले’ म्हणायचं. फलाटावर काही विकत घेऊन खाणाऱ्या माणसाविषयी आमच्या लहानपणी घरात हळू आवाजात बोलत असत.

नर्मदेच्या परिक्रमेला बसने निघणाऱ्या मंडळींचंही तेच. बरोबर आचारी, पिठाची पोती, शेगड्या. बस थांबेल तिथे खिचडी. पायी जाणाऱ्याला जागोजागी सदावर्तात कोरडा शिधा मिळतो, तो घेऊन त्याने स्वतः चूल मांडायची. चाकांवरचं स्वयंपाकघर ही युरोपची कल्पना आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एखाद्या सकाळी इथल्या ग्वारीघाटावर येऊन बघावं.

तेव्हा जर्मनीतल्या माझ्या पुतणीने फोनवर ‘आपण मोटरहोम भाड्याने घेऊन फिरू या’ म्हटलं, त्याचं तिच्या आईवडिलांना, म्हणजे दादा-वहिनींना, नवल वाटलं नाही. भाडं ऐकून वाटलं. पण गाडीत दोन बर्नरची शेगडी, फ्रीज आणि बेसिन असतं हे कळल्यावर वहिनींनी विषय संपवला. “म्हणजे बाहेर खायचं नाही. मग परवडतं.” मलाही बरोबर घेतलं होतं. माझ्याकडे काहीच काम नव्हतं, त्यामुळे बघायला भरपूर वेळ मिळाला.

दादा इथल्या व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेला. १९६९ साली सुरू झालेल्या या कारखान्याने लष्करासाठी वर्षानुवर्षं शक्तिमान ट्रक बनवले, आणि शक्तिमानचं मूळ डिझाइन जर्मनीच्या मान कंपनीचं. शक्तिमानचे सुटे भाग तपासण्यात उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाला जर्मनी म्हणजे हेड ऑफिस. गाडी ताब्यात घेताना त्याने आधी बॉनेट उघडायला लावलं. निघाली फियाट! तिकडच्या बऱ्याच मोटरहोम फियाटच्या डुकाटोवर बांधलेल्या असतात, असं जावईबापूंनी हळुवारपणे सांगितलं. दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “हरकत नाही. वरची पेटी तरी जर्मन आहे ना?”

काय न्यायचं आणि काय नाही यावर निघण्याआधीच घरात बैठका झाल्या होत्या. युरोपियन संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने मांस आणि दूधदुभत्याचे पदार्थ आणायचे नाहीत असा नियम आहे. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, आणि जिच्यासाठी माणसं परत परत जबलपूरला येतात ती खोव्याची जिलबीही नाही. ताजी फळं-भाज्या सरकारी दाखल्याशिवाय नाहीत. त्यालाही अपवाद पाच : अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. नारळ चालतो हे ऐकल्यावर वहिनींचं युरोपियन संघाविषयीचं मत एकदम सुधारलं. “देवाधर्माची माणसं दिसतात,” त्या म्हणाल्या आणि दोन नारळ बाजूला काढले. बाकी भाजणी, मेतकूट, पोहे, गोडा मसाला, तूरडाळ आणि चतुर्थीसाठी शिंगाड्याचं पीठ. दादाने प्रत्येक पुडक्यावर ग्रॅम लिहिले.

ते ग्रॅम पुढे फार कामाला आले. जर्मनीत साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवायची गाडी भरलेल्या वजनासकट साडेतीन टनांच्या आत असावी लागते. त्यातलं बहुतेक वजन गाडी स्वतःच घेऊन बसते. उरलेल्या काही शे किलोंत पाच माणसं, पाण्याची टाकी, गॅसची सिलिंडरं, अंथरूण-पांघरूण आणि वहिनींचा किराणा. पोलिसांनी काट्यावर घेतली आणि गाडी जास्त भरली तर दंड. हे ऐकून दादाला जो आनंद झाला, तो मी त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. कुठल्या ॲक्सलवर किती भार येतो याच चिंतेत ज्याची अख्खी नोकरी गेली, त्याला परदेशात तीच चिंता फुकट मिळाली होती. तिथल्या राजवाड्याची नाही, चर्चची नाही, त्याने पहिली चौकशी केली ती धर्मकाट्याची. आणि शेतकऱ्यांच्या सोसायटीचा एक काटा पुतणीने शोधूनही दिला.

पाण्याची टाकी शंभर लिटरची. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे टाकी अर्धी ठेवली तर पन्नास किलो किराणा बसतो. या सूत्रावर घर चालू लागलं. वहिनी बटाटे आणत, दादा पाणी सोडून देई. पाच किलो कांदे आले की पाच लिटर पाणी गेलं. कांदे चिरून झाले आणि हात धुवायला नळाला पाणी नाही, अशी वेळ आली तेव्हा पुण्याच्या जावईबापूंनी शांतपणे मुद्दा मांडला, “बाबा, कांदे आपण खाल्ले तरी वजन गाडीतच राहतं.” दादाने क्षणभर विचार केला. “सगळं नाही राहत,” म्हणाला, आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायची जागा नकाशात शोधू लागला.

दुकानाची पहिली फेरी अल्डीत झाली. मराठी माणसाला हे दुकान समजावून सांगावं लागत नाही. एसेन शहरातल्या आईच्या छोट्या दुकानातून दोन भावांनी केवढा तरी पसारा उभा केला, आणि १९६०च्या सुमारास सिगारेटी विकायच्या की नाही यावरून वाटण्या करून मोकळे झाले. उत्तर जर्मनी एकाची, दक्षिण दुसऱ्याची. “भाऊबंदकी आहे म्हणजे दुकान खरं आहे,” दादा माझ्याकडे बघत म्हणाला.

तिथे शेल्फावरच्या चिठ्ठीवर वस्तूच्या किमतीखाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा भाव लिहावाच लागतो. पाकीट फुगवा, डब्याला खाली पोकळ बूड द्या, ‘नवा मोठा पॅक’ म्हणून लिहा, ती बारीक ओळ सगळं उघडं पाडते. वहिनींना जर्मनचा एक शब्द येत नव्हता आणि त्यांचं कुठेच अडलं नाही. चष्मा कपाळावर चढवून त्या थेट तेवढीच ओळ वाचायच्या. महाग माल नजरेसमोर आणि स्वस्त माल पायाशी ठेवतात, हे त्यांच्या लक्षात आल्यावर त्या वाकूनच चालू लागल्या. युरो दिसला की शंभरने गुणायचं, तोंडाने ‘अगंबाई’ म्हणायचं आणि वस्तू परत ठेवायची. ज्या वस्तूला ‘अगंबाई’ निघालं नाही ती ट्रॉलीत.

मग जावईबापूंनी कौतुकाने भारतीय किराण्याच्या दुकानात नेलं. तिथे ‘अगंबाई’ थांबेचना. भेंडीचं इवलंसं पाकीट, विमानाने आलेलं. मेथीची जुडी जणू सोनाराकडची. वहिनींनी भेंडीचा किलोचा भाव काढला, शंभरने गुणला आणि म्हणाल्या, “भाऊजी, एवढ्यात पाटणकडे भेंडीचं शेत खंडाने मिळेल.” परदेशात किराण्याचे पैसे जातात ते इथेच, असं माझं मत झालं आहे. भूक महाग नसते, आठवण महाग असते आणि तिची पाकिटं फार लहान असतात. वहिनी तिथून हळद घेऊन बाहेर पडल्या त्या पुन्हा आत गेल्या नाहीत.

यामागे जबलपूरची शिकवण आहे. डिसेंबर-जानेवारीत पाटण, शहपुरा, सिहोऱ्याकडून मटारच्या गाड्या भरून येतात आणि भाव कोसळतो. मग शहरभर काय चालतं? सकाळी मटार घातलेले पोहे, दुपारी मटार भात, रात्री मटार-बटाटा, आणि पाहुणे आले की मटारच्या करंज्या. टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येक माणसापुढे सोलायला ढीग. कंटाळा आला असं म्हणणाऱ्याला घरात कोणी उत्तर देत नाही. सध्या जे स्वस्त तेच चवीला चांगलं, असं जिभेला पटवून दिलेलं असतं. वहिनींनी तीच जीभ जर्मनीत चालवली. कोबी स्वस्त, गाजर स्वस्त, बटाटा स्वस्त, तांबडी मसूर तुर्की दुकानात मोठ्या पिशवीतून स्वस्त. ठरलं तर मग.

पोळ्यांचा प्रश्न होता. तिथे गव्हाच्या पिठावर आकडे असतात, ४०५, ५५०, १०५०. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर जितके मिलिग्रॅम राख उरते तो आकडा. ४०५ म्हणजे आपला मैदा; आकडा वाढेल तसा कोंडा वाढतो. “जाळून तपासतात!” दादाचा जर्मनीवरचा विश्वास, फियाटमुळे डळमळलेला, पुन्हा बसला. वहिनींनी १०५० आणि सबंध गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं घेतलं आणि घडीच्या पोळ्या केल्या. लाटणं म्हणून बिअरची रिकामी बाटली. ती कोणी रिकामी केली हे वहिनींनी विचारलं नाही आणि जावईबापू खिडकीबाहेर बघत राहिले. तिथे बाटलीवर आधीच अनामत घेतलेली असते. बिअरच्या काचेच्या बाटलीला आठ सेंट, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला पंचवीस. बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की चिठ्ठी मिळते, ती बिलातून वजा. फिरती संपल्यावर आमचं लाटणंही यंत्रात गेलं. आमच्या घराण्यात रोख कमाई करणारं ते पहिलंच लाटणं.

श्रीखंडाला तर काही करावंच लागलं नाही. क्वार्क नावाचा आयता चक्का तिथे अर्ध्या किलोच्या डब्यात मिळतो. थोडं पाणी असतं, म्हणून पंच्यात बांधून शॉवरच्या कडीला टांगला. त्या सकाळी कोणी अंघोळ केली नाही. पाणीही वाचलं.

पण वहिनींचा खरा पराक्रम नवलकोलाचा. तिथली माणसं भाजीच्या विभागात उभ्या उभ्या नवलकोलाची पानं पिळून तोडतात आणि शेजारच्या खोक्यात टाकून देतात. गड्डा तेवढा घरी नेतात. खोकं कोवळ्या, हिरव्यागार पाल्याने ओसंडत होतं. वहिनींनी पुतणीकडून विचारून घेतलं, हे घेतलं तर चालेल का? दुकानातल्या मुलाने खांदे उडवले. वहिनी पिशवी भरू लागल्या. तेवढ्यात एक पांढऱ्या केसांच्या जर्मन आजी थांबल्या, वहिनींकडे बघून गोड हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. पुतणीचा चेहरा पडला.

“काय म्हणतात गं?”

“आई, हा पाला लोक सशांसाठी नेतात. त्या विचारतात, तुमच्याकडे किती ससे आहेत?”

वहिनींनी आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. “पाच म्हणून सांग.”

आजी फार खूश झाल्या. त्यांनी स्वतःच्या नवलकोलाची पानंही तोडून आमच्या पिशवीत घातली. रात्री लसणाची फोडणी देऊन, वर डाळीचं पीठ पेरून भाजी झाली. जावईबापूंनी तीनदा घेतली आणि पुण्यात अशी होत नाही, असंही म्हणाले. हे वाक्य पुण्याच्या माणसाने म्हटलेलं आहे; तारीख दादाच्या वहीत आहे.

कॅम्पिंगच्या जागेवर वेगळंच संकट. तिथे दुपारी एक ते तीन शांतता पाळायची असते, मोटार सुरू करायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही. गॅस वाचावा म्हणून आमच्याकडे कुकर. सव्वा वाजता पहिली शिट्टी झाली तेव्हा आसपासच्या गाड्यांतली कुत्री उठून बसली, आणि दुसऱ्या शिट्टीला व्यवस्थापक सायकलवर हजर झाला. पुतणीने माफी मागितली. वहिनींनी दुसऱ्या दिवशी एकच्या आत डाळ-तांदळाला कडकडीत उकळी आणली, गॅस बंद केला आणि पातेलं दुलईत गुंडाळून ठेवून दिलं. तीन वाजता खिचडी तयार, गॅस निम्मा. शेजारच्या गाडीतले एक आजोबा हे बघायला मुद्दाम आले. युद्धाच्या दिवसांत जर्मनीत गवत भरलेली लाकडी पेटी असायची, तिच्यात उकळी आलेलं भांडं ठेवून जळण वाचवत; त्यांच्या आईकडे तशी होती. खिचडीची वाटी घेऊन ते गेले आणि दारूत भिजवलेल्या चेरींची बरणी घेऊन परत आले. ती वहिनींनी उघडली नाही. वजनात मात्र धरावी लागली.

पलीकडे एक डच कुटुंब होतं. डच माणूस सुटीवर स्पेनला निघाला तरी बटाटे घरून नेतो, अशी युरोपात जुनी थट्टा आहे. यांच्या गाडीखालून खरंच बटाट्याचं पोतं निघालं. दादा त्यांच्याकडे आदराने बघत राहिला आणि मग पुतणीला म्हणाला, “विचार जरा, मागच्या ॲक्सलवर किती येतं.”

बोडेन सरोवराच्या काठाला रस्त्याकडेला शेतकऱ्यांची मांडणी असते. भोपळे, टोमॅटो, काकड्या, भावाची पाटी आणि पैसे टाकायला डबा. माणूस नाही. वहिनी बराच वेळ तिथे उभ्या होत्या. “भाव कोणाशी करायचा?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. जबलपूरच्या निवाडगंजात भाव ठरवताना जे बोलणं होतं, त्यातच निम्मी भाजी घेतली जाते. वर कोथिंबीर-मिरची घातल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. इथे घासाघीस नाही, वर काही नाही, आणि फसवायलाही समोर कोणी नाही. वहिनींनी पाटीप्रमाणे पैसे टाकले, वर दहा सेंट जास्तच, कारण सुटे नव्हते. आख्ख्या प्रवासात त्यांना ठकवणारा तो एकटाच दुकानदार, आणि तो जागेवर नव्हता.

फुकटाचंही एक प्रकरण झालं. फ्रान्समध्ये १९९३ पासून अशी एक योजना आहे, की सभासद झालं की शेतकरी आपल्या आवारात मोटरहोमला एक रात्र मोफत थांबू देतो. काही विकत घेण्याची सक्ती नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने मराठी माणूस पाहिलेला नव्हता. शेतकऱ्याच्या बायकोने हसून स्वागत केलं, मुलीने मांजराची पिल्लं दाखवली, आणि वहिनींच्या जिवाला लागून राहिलं. “असं रिकाम्या हाताने निघायचं?” मध घेतला, मुरंबा घेतला, जावईबापूंच्या आग्रहावरून वाइनच्या बाटल्या घेतल्या, पिल्लं दाखवणाऱ्या मुलीच्या हातावर खाऊला पैसे ठेवले. चांगल्या कॅम्पिंगला दोन रात्री राहिलो असतो तरी कमी गेले असते. शिवाय काच जड असते. दादाने त्या रात्री टाकी तळापर्यंत रिकामी केली.

वहिनींचा जीव रमला तो कॉन्स्टान्झला. हे जर्मनीचं गाव थेट स्विस हद्दीला लागून आहे आणि स्विस लोक किराण्याला इकडे येतात, कारण त्यांच्याकडे सगळंच महाग. पन्नास युरोंच्या वर खरेदी झाली की जर्मनीचा कर परत मिळतो, त्यासाठी सीमेवर कागदावर शिक्का घ्यायचा. पलीकडे स्विस कस्टमला माणशी १५० फ्रँकपर्यंतच माल करमुक्त. ही मर्यादा आधी तीनशेची होती, ती २०२५ पासून निम्मी केली. त्यामुळे आता घरातली सगळी माणसं बरोबर आणतात, आजीसुद्धा. लाखो रुपयांच्या गाड्यांमधून उतरलेली ती श्रीमंत माणसं हातात बिलं घेऊन शिक्क्याच्या रांगेत शिस्तीने उभी होती. वहिनी रस्त्याच्या या बाजूने ती रांग डोळे भरून बघत होत्या. आम्ही सरोवर बघायला हाका मारत होतो, त्या हलेनात.

शेवटच्या रात्री दादाने वही उघडली. पाच माणसं बाहेर जेवली असती तर दर जेवणाला किती, प्रत्यक्षात किराण्याला किती, अनामतीच्या बाटल्यांचे किती परत आले, सशांच्या पाल्याला शून्य. बचतीचा आकडा त्याने दोनदा अधोरेखित केला आणि रुपयांत करून वाचून दाखवला. वहिनींनी समाधानाने पदर खोचला. जावईबापूंनी तेवढ्यात फोनवर एक बेरीज केली होती. गाडीचं भाडं, डिझेल, विमा आणि जागेचे पैसे धरले, तर तेवढ्या पैशांत साध्या हॉटेलात राहून, दोन्ही वेळा बाहेर जेवून वर काही उरलं असतं, असं त्यांनी अदबीने सांगितलं.

दादाने वही मिटली. “जावईबापू, तुम्ही भांडवली खर्च महसुलात धरताय. ते खातं माझ्याकडे नाही. माझ्याकडे फक्त किराणा.”